बधिराचे थेंब

डोळ्यांच्या त्या मोठ्या दवाखान्यात कुणीही आला, मग तो दुकानदार असो नाहीतर वकील, आधी वॉर्डबॉय मामाच्या तावडीत सापडायचा. डॉक्टर वगैरे नंतर. लांब बाकांवर माणसं ओळीने बसलेली असायची आणि मामा बाहुली मोठी करायच्या थेंबांची बाटली घेऊन एका टोकापासून सुरू करायचा. "मान मागे. वर बघा. वर म्हणजे छताकडे, माझ्याकडे नाही, मी काही एवढा देखणा नाही. हां. आता डोळे मिटा आणि मिटलेलेच ठेवा." तो पुढच्या माणसाकडे सरकला रे सरकला की मागच्याने डोळे उघडलेच म्हणून समजा. मग मामा मागे न वळताच म्हणायचा, "काका, उघडले ना?" आणि काका चोरी पकडल्यासारखे डोळे घट्ट मिटून घ्यायचे. मामाला पाठीला डोळे आहेत असं नवख्या सिस्टर म्हणत. डोळेबिळे काही नव्हते. वर्षानुवर्षं एकच काम केलं की माणूस कधी काय करणार ते न बघता कळतं, एवढंच.

या वर्षांत त्याने माणसांच्या डोळ्यांत काय काय गेलेलं पाहिलं होतं, ते सांगत बसलं तर तुम्हाला जेवण जायचं नाही. लोखंडाचा कीस, काचेची कपची, भिंतीचा चुना, एकदा तर मासे धरायचा अख्खा गळ. नोकरीच्या सुरुवातीला तो न्हाणीघरात जाऊन ओकला होता. नंतर ते बंद झालं. माणूस कितीही आरडाओरडा करो, मामा एका हाताने त्याचं डोकं धरायचा आणि दुसऱ्या हाताने पापणी वर करायचा. "काही नाही होत, काही नाही होत," असं म्हणत राहायचा आणि मनात म्हणायचा, आज डब्यात भाजी कुठली असेल. त्याला दगड म्हणू नका. दगड असता तर पुढचं रामायण घडलंच नसतं. फक्त कुणाचं दुखणं त्याच्या आत उतरायचं बंद झालं होतं, आणि ते बंद झालंय हेही त्याला कळलं नव्हतं.

आता त्या बधिराच्या थेंबांबद्दल. कागदावर त्यांचं नाव लांबलचक होतं. दवाखान्यात सगळे त्यांना बधिराचे थेंब म्हणत. डोळा तपासायचा असला, आत रुतलेलं काही काढायचं असलं, की आधी हे घालायचे. मामाच्या लेखी ती जादूच होती. वेल्डिंगचा उजेड लागलेला एखादा दांडगा गडी दोघांच्या खांद्यावर लटकत यायचा. डोळ्यांत कुणी तिखट चोळल्यासारखा बोंबलत असायचा, आईचं नाव घेत असायचा. एक थेंब पडला की गडी चूप. दुसऱ्या मिनिटाला डोळे पुसत विचारायचा, "इथे चहा कुठे मिळतो हो?" जाताना प्रत्येक जण दाराशी घुटमळून म्हणायचा, "डॉक्टर, ते मघाचं औषध लिहून द्या ना." आणि प्रत्येक डॉक्टर एकच उत्तर द्यायचा, "ते घरी द्यायचं नसतं."

का नसतं, हे मामाने कधी विचारलं नाही. इथेच सगळं चुकलं. त्या बाटलीपासून हातभर अंतरावर त्याचा जन्म गेला, पण एकदा तोंड उघडून विचारावं हे काही सुचलं नाही. त्याने आपल्याशी ठरवूनच टाकलं होतं, की चांगली वस्तू मोठे लोक आपल्याकडे ठेवतात आणि घरी न्यायला साधी देतात. जगात सगळीकडे असंच असतं, मग दवाखान्यात का नसावं? उघडलेली बाटली संध्याकाळी फेकून द्यायची असा नियम होता आणि फेकायचं काम मामाचं. अर्धीमुर्धी भरलेली बाटली कचऱ्यात टाकताना त्याचा जीव हळहळायचा.

अशीच एक बाटली एका संध्याकाळी त्याने खिशात घातली आणि तडक ताईकडे गेला.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हापासून याचं नाक पुसण्यापासून याला शाळेत फरपटत नेण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. अजूनही ती त्याला धाकट्या म्हणायची आणि त्याच्या डोक्यावर पांढरे केस दिसले की स्वतःवरच रागवायची. तिचा नवरा ग्रिलच्या वर्कशॉपमध्ये वेल्डर. दिलखुलास माणूस, पण एक खोड वाईट. मोठं काम असलं की तोंडावर काच ओढायचा, पण नुसता जोडाचा एक टाका मारायचा असला की म्हणायचा, "एवढ्याशासाठी कशाला?" असे एवढ्याशासाठी वीस-पंचवीस टाके रोज व्हायचे. मग संध्याकाळी डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवून हा खाटेवर आडवा आणि ताई ओला पंचा घेऊन घरभर.

त्या संध्याकाळीही तेच चाललं होतं. भाऊजी भिंतीवर डोकं आपटायच्या बेतात होते.

"भाऊजी, त्या चकत्या भाजीत टाका आणि मान मागे करा," मामा म्हणाला.

थेंब पडला. भाऊजी आधी दचकले, मग गप्प झाले, मग उठून बसले आणि खोलीभर बघू लागले. "अरे, गेलं की! साफ गेलं! काय रे मामा, इतके दिवस कुठे लपवून ठेवलं होतंस हे?" दवाखान्यातल्यासारखं तेही त्याला चेष्टेने मामाच म्हणायचे.

ताईने भावाच्या पाठीवर एक सणसणीत धपाटा मारला, ती तिची कौतुकाची पद्धत. "त्या डॉक्टरांपेक्षा माझा धाकटाच बरा," ती म्हणाली. मामाला बरं वाटलं. खोटं कशाला सांगायचं, इतकं बरं त्याला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

मग ती सवयच झाली. बाटली संपली की भाऊजी निरोप धाडायचे आणि मामा दुसरी पोचवायचा. आधी फक्त संध्याकाळी एक थेंब. मग जेवणाच्या सुट्टीत. मग उजवा डोळा नुसता चुरचुरला तरी. भाऊजींचा हात हलायचा म्हणून घरी ताईच थेंब घालायची. "माझ्या हाताने घातले की जळजळत नाहीत म्हणे," असं ती अभिमानाने सांगायची. आपण डोळा बधिर करतोय आणि बधिर डोळ्यात कीस गेला तरी भाऊजींना कळणार नाही, एवढा साधा विचार दवाखान्यात काम करणाऱ्या माणसाच्या डोक्यात आला नाही. भाऊजी काच न ओढता काम करायचे आणि म्हणायचे, आता काय, आता आपल्याकडे औषध आहे.

व्हायचं तेच झालं. उजवा डोळा लाल झाला, तो उतरेचना. मग बुबुळावर धुरकट डाग आला, डागाभोवती पांढरं कडं आलं. दिसेनासं झालं तेव्हा कुठे ताईचं धाबं दणाणलं आणि ती नवऱ्याला घेऊन दवाखान्यात आली. मामाने ओळीबिळी मोडून त्यांना थेट बुबुळाच्या मॅडमसमोर बसवलं. त्या दवाखान्यात डोळ्याच्या प्रत्येक भागाला वेगळा डॉक्टर होता. पडद्याचे सर होते, पापण्यांचे सर होते, लहान मुलांच्या तिरळ्या डोळ्यांच्या बाई होत्या. बुबुळाच्या मॅडम त्यातल्या सगळ्यात कमी बोलणाऱ्या.

मॅडमनी यंत्रातून बराच वेळ बघितलं. "डोळ्यात काही घालत होतात?"

"नाही बुवा. नुसतं पाणी मारत होतो," भाऊजी म्हणाले, आणि डाव्या, धड डोळ्याने त्यांनी मामाकडे पाहिलं.

तेव्हा मामाला वाटलं, बरं झालं, भाऊजींनी आपलं नाव वाचवलं. थेंबांचा आणि या डागाचा काही संबंध असेल, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. थेंब तर बिचारे दुखणं घालवत होते.

भाऊजींना वॉर्डात खिडकीजवळची खाट मिळाली. तासातासाला औषध सुरू झालं. डोळा खरवडून निघालेलं तपासायला पाठवलं, त्यात कुठलाही जंतू सापडला नाही. औषध बदललं. तरी डाग वाढतच गेला. ताई खाटेच्या पायथ्याशी बसून शेजारच्या बाईला सांगत होती, "माझा भाऊ आहे हो इथे. तो आहे म्हणून मला घोर नाही." शेजारची बाई मामाकडे मोठ्या आदराने बघायची. मामा दुसरीकडे बघायचा.

दोन-चार दिवसांनी राउंडला मॅडम शिकाऊ डॉक्टरांचा घोळका घेऊन आल्या. मामा ट्रे धरून मागे उभा होता. ताई खाली औषध आणायला गेली होती. भाऊजी खिडकीकडे तोंड करून आरामात चहा पीत होते, तोंडावर लख्ख ऊन.

मॅडम दारातच थांबल्या. मुलांना हळूच म्हणाल्या, "यांच्याकडे बघा. बुबुळाला एवढी मोठी जखम आहे, आणि हे उन्हाकडे तोंड करून चहा पितायत. बरोबर आहे का हे?"

"दुखायला पाहिजे, मॅडम," एक मुलगी म्हणाली.

"दुखायला नाही, ओरडायला पाहिजे."

त्यांनी कापसाचा बारीक धागा ओढून काढला आणि भाऊजींच्या उजव्या बुबुळाला त्याचं टोक लावलं. पापणीसुद्धा हलली नाही. तोच धागा डाव्या डोळ्याला लावला तर भाऊजी असे दचकले की चहा सांडला. बाहेर व्हरांड्यात आल्यावर मॅडम मुलांना म्हणाल्या, "दोनच शक्यता आहेत. एकतर नागिणीसारख्या आजाराने डोळ्याच्या नसा मेल्या असतील. नाहीतर कुणीतरी बधिराचे थेंब घालत असेल."

"घातले तर काय होतं?" त्याच मुलीने विचारलं.

मामाने जन्मभर न विचारलेला प्रश्न त्या पोरीने एका दमात विचारला.

"बुबुळावर एक पातळ पापुद्रा असतो," मॅडम म्हणाल्या. "खरचटलं की तो एरवी दिवसा-दोन दिवसांत परत धरतो. बधिराचे थेंब रोज घातले की तो धरायचाच थांबतो. डोळ्याला कळतच नाही की आपल्याला जखम आहे. मग जखम खोल जाते, बुबुळ पातळ होत जातं आणि शेवटी फुटतं. म्हणून ते घरी द्यायचे नसतात. पण या गृहस्थांनी नाही म्हटलंय, आणि असे थेंब बाहेर सहजासहजी मिळत नाहीत. तेव्हा आपण नागीण धरून चालू."

आता मामाच्या हातातून ट्रे पडला, त्याला भोवळ आली, असं काहीतरी व्हायला हवं होतं. तसलं काही झालं नाही. त्याने ट्रे नेऊन जागेवर ठेवला, हात धुतले, बाकांवरच्या माणसांच्या डोळ्यांत थेंब घातले. "काका, उघडले ना?" असं विचारलंसुद्धा. आपण काय ऐकलं ते त्याला शब्दन्शब्द आठवत होतं, पण ते दुसऱ्याच कुणाबद्दल असावं तसं. दुपारी जेवताना त्याने डबा संपवला आणि मग लक्षात आलं, की आपण काय खाल्लं ते आपल्याला सांगता येणार नाही.

जेवण झाल्यावर त्याने भाऊजींना वॉर्डाबाहेरच्या बेसिनपाशी गाठलं.

"बाटली आहे ना तुमच्याकडे? द्या."

"कसली बाटली?"

"भाऊजी, त्या थेंबांनी डोळा चाललाय तुमचा. मॅडम म्हणाल्या. मी माझ्या कानांनी ऐकलं."

भाऊजी हसले. "मॅडमना काय होतंय बोलायला? त्यांना कधी वेल्डिंग लागलंय?" पण खिशात हात घालून त्यांनी बाटली काढली आणि मामाच्या हातावर ठेवली. "घे बाबा. आणि तू काळजी करू नकोस. जीव गेला तरी तुझं नाव माझ्या तोंडून यायचं नाही. शब्द आहे."

हा माणूस डोळा घालवून आपल्याला वाचवतोय, की आपल्या नावाच्या आड बाटली वाचवतोय, हे मामाला कळेना. कदाचित भाऊजींनाही कळत नसेल. मामाने बाटली बेसिनमध्ये रिकामी केली आणि नळ बराच वेळ सोडून ठेवला. झालं, आता मिटलं, असं त्याने स्वतःला सांगितलं. आता थेंब नाहीत म्हणजे डोळा सुधारणार. डोळा सुधारला की मॅडमना वाटेल नागिणीचं औषध लागू पडलं. कुणाला काही सांगायचं कारणच उरणार नाही. माणूस स्वतःला गंडवायला बसला की दुसऱ्या कुणाची गरज लागत नाही, हेच खरं.

दुसऱ्या दिवशी भाऊजी निवांत होते. त्याच्या पुढच्या दिवशीही निवांत. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याशी पत्ते खेळत होते, वर त्याला हरवत होते. मामा येता-जाता बघायचा आणि आतून कुणीतरी म्हणायचं, दुखायला पाहिजे, ओरडायला पाहिजे, हा पत्ते कसा खेळतोय? उत्तर काय ते त्याला पक्कं ठाऊक होतं. दुसरी बाटली होती. त्याने स्वतःच तर इतक्या आणून दिल्या होत्या. तरी तो दिवसही त्याने जाऊ दिला. थेंब चोरून बाहेर नेले म्हटल्यावर नोकरी जाणार, आणि या वयात त्याला दुसरीकडे दारातही कुणी उभं केलं नसतं. त्याहून मोठं म्हणजे ताईला कळणार. नोकरी गेली असती तर तो कसाबसा तगला असता. ताईच्या नजरेतून उतरून कसं जगायचं हे त्याला येत नव्हतं.

त्यानंतरच्या सकाळी मॅडमनी भाऊजींचा डोळा पाहिला आणि सिस्टरला म्हणाल्या, "बुबुळ फारच पातळ झालंय. कुठल्याही क्षणी फुटेल. शस्त्रक्रियेची तयारी ठेवा. फुटलं तर डोळा वाचवता येईल असं मला वाटत नाही."

मामाने ऐकलं. तो बाहेर बाकांकडे गेला, बाटली हातात घेतली, पहिल्या माणसाला "मान मागे" म्हणाला आणि थांबला. तो माणूस बिचारा मान मागे टाकून, डोळे वटारून वाट बघत राहिला. मामा बाटली तिथेच ठेवून मॅडमच्या खोलीत घुसला. आत एक पोर यंत्रावर हनुवटी ठेवून बसलं होतं, त्याची आई शेजारी.

"मॅडम, खिडकीजवळचा पेशंट. नागीण नाही ती. बधिराचे थेंब आहेत. मी दिलेत. माझ्या बहिणीचा नवरा आहे तो."

मॅडमनी यंत्राचा दिवा बंद केला. त्या ओरडतील असं त्याला वाटलं होतं. त्या फक्त म्हणाल्या, "कधीपासून?"

"बरेच महिने झाले."

"आणि इथे ॲडमिट असतानाही?"

"मी नाही दिले. पण त्यांच्याकडे असणार."

"मी राउंडला बोलले तेव्हा तुम्ही मागे उभे होतात, मामा."

"होय."

मॅडमनी पोराच्या आईला थोडं थांबायला सांगितलं आणि त्या वॉर्डाकडे निघाल्या. मामा मागोमाग. आपलं बोलून झालंय, आता काहीतरी वाटेल, असं त्याला वाटत होतं. हलकं, जड, काहीही. काहीच वाटलं नाही.

वॉर्डात भाऊजींनी साफ कानावर हात ठेवले. "कसले थेंब? मामा, तू काय बोलतोयस?" त्यांनी इतक्या निरागसपणे विचारलं, की क्षणभर मामालाच शंका आली.

ताई तर उसळलीच. "मॅडम, माझा भाऊ देवमाणूस आहे. त्याने दिलं ते औषध दिलं. याच दवाखान्यातलं दिलं. बाहेरचं काहीबाही नाही. यांचं दुखणं तुमच्या औषधांनी कधी थांबलं होतं? त्याच्या औषधाने थांबलं!"

भावाची बाजू घेताना आपण नवऱ्याला तोंडघशी पाडलं, हे तिच्या ध्यानातही आलं नाही. भाऊजींनी डोळे मिटून घेतले.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मी कुणाची झडती घेणार नाही. आता थोड्या वेळाने दुखायला लागेल, तेव्हा सगळं समजेल. वेदनेची गोळी देते, पण डोळ्यात माझी सिस्टर घालेल तेवढंच जाईल. मामा, तुम्ही इथेच बसा. यांचे हात डोळ्याकडे जाऊ द्यायचे नाहीत. बुबुळ कागदासारखं झालंय. चोळलं तर संपलं."

त्या गेल्या. मामा स्टूल ओढून बसला. भाऊजी भिंतीकडे तोंड करून पडले. ताई भावाला म्हणाली, "काय बोललास रे तू हे? तुझी नोकरी घालवतोयस की काय?"

दुखणं हळूहळू आलं. आधी भाऊजींची पायाची बोटं हलायला लागली. मग ते कुशीवरून कुशीवर. मग म्हणाले, खिडकी लावा. लावली. मग म्हणाले, पडदा ओढा. ओढला. मग त्यांनी पांघरूण डोक्यावरून घेतलं आणि आतून कण्हायला लागले. दुपार कलायच्या आत ते उठून बसले आणि त्यांच्या तोंडून असा आवाज निघाला की पत्तेवाला म्हातारा आपली काठी घेऊन खोलीबाहेर चालता झाला.

मामाने त्यांची दोन्ही मनगटं धरली. जन्मभर लोखंड उचललेले हात ते. मामाला सगळं अंग टाकून धरावं लागत होतं.

"एक थेंब दे," भाऊजी म्हणाले. "मामा, एकच. मग मागणार नाही. पाया पडतो तुझ्या."

"नाही भाऊजी."

"अरे, तेव्हा न मागता देत होतास! आता मागतोय तर नाही?" आणि मग त्यांनी शब्दबिब्द सगळे सोडले. "यानेच दिलं! याच्यामुळे झालं! माझा डोळा खाल्ला या हलकटाने!" अख्खा वॉर्ड ऐकत होता. मामाही ऐकत होता. काही नाही होत, काही नाही होत, हे त्याच्या ओठांवर सवयीने आलं होतं, ते त्याने गिळलं.

ताई उभी होती. तिच्याने बघवेना. तिने पर्समध्ये हात घातला, मूठ बाहेर काढली, आणि मुठीत काय आहे ते मामाला न उघडताच कळलं.

"ताई, नको."

"बघ ना त्यांच्याकडे! एक थेंब घातला तर काय होतंय? मी इथे रोज घालतेय. तुला सांगू नको म्हणाले, उगाच घाबरतो म्हणाले."

"त्यानेच डोळा जातोय. खरंच जातोय, ताई. दुखणं थांबतं म्हणून जखम भरत नाही. मॅडमनी सांगितलंय."

तिने मूठ उघडून बाटलीकडे पाहिलं. मग भावाकडे. "तुला माहीत होतं? देत होतास तेव्हा?"

"नाही. आईशपथ नाही."

"मग कधी कळलं?"

आजच, असं तो म्हणू शकला असता. ताईने विश्वास ठेवला असता. ती आयुष्यभर त्याच्यावर विश्वास ठेवतच आली होती. भाऊजींची मनगटं त्याच्या हातांत ओढ घेत होती.

"तीन दिवस झाले," तो म्हणाला. "मॅडम राउंडला बोलल्या तेव्हा."

"तीन दिवस." ताई खाटेच्या कडेला बसली. "या तीन दिवसांत मी किती वेळा घातले रे? सकाळी उठल्या उठल्या. ते पत्ते खेळायला बसायचे तेव्हा. तू येऊन जायचास, तुझी पाठ फिरली की घालायचे. माझ्या या हाताने. तुला माहीत होतं, आणि मी घालत होते." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "तू काय करत होतास?"

"नोकरी वाचवत होतो," मामा म्हणाला.

ताई उठली, दाराशी जाऊन बाटली सिस्टरच्या हातात दिली आणि परत आली. मामाच्या खांद्याला हात लावून म्हणाली, "ऊठ. मी धरते."

"तुला झेपायचे नाहीत, ताई. फार जोर आहे."

"ऊठ म्हटलं ना."

तो उठला. ती खाटेवर चढून नवऱ्याच्या मागे बसली, त्यांचे दोन्ही हात तिने छातीशी कवटाळले आणि आपले पाय त्यांच्याभोवती आवळून घेतले. भाऊजी तिलाही नाही नाही ते बोलले. तिने हात सोडले नाहीत.

मॅडम येऊन गेल्या. त्यांनी कापसाचा धागा लावला आणि भाऊजी किंचाळले. "चांगलं आहे," मॅडम म्हणाल्या, आणि ताईने त्यांच्याकडे अशी नजर टाकली की त्यांनाच पुढचं सांगावंसं वाटलं. "नसा जिवंत आहेत. डोळा राहील की नाही ते मी आज सांगू शकत नाही. दोन दिवस आधी कळलं असतं तर सांगितलं असतं." मग मामाकडे वळून त्या म्हणाल्या, "वर ऑफिसमध्ये कळवावं लागेल मला. तुम्ही आज बाकांकडे जाऊ नका."

मामा मान हलवून बाहेर आला. नातेवाइकांना बसायला व्हरांड्यात खुर्च्या होत्या, त्यातल्या एकीवर बसला. तिथे तो आजवर कधी बसला नव्हता. आता तरी रडू येईल असं त्याला वाटलं. आलं नाही. हात मात्र दुखत होते, मनगटं धरून धरून.

आतून भाऊजींचा आवाज येत होता, आणि त्यात मधूनमधून ताईचा. "थोडंच राहिलंय हो, थोडंच राहिलंय," असं ती म्हणत होती. किती राहिलंय, ते तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.